अँबॅसिडरच्या इंजिनाचं ल माँचं घराणं

कळकट पाना

जुन्या सभासदांना ठाऊक आहे की मी सध्या ऑक्सफर्डजवळ राहतो. शेजारच्या आजोबांकडे १९५८ सालची एमजीए आहे, ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, छप्पर नावापुरतं. दाराला बाहेरून हँडलच नाही, आत हात घालून दोरी ओढायची. आजोबांना टॅपेट सेट करायचे होते, म्हणजे व्हॉल्व्हची (इंजिनातल्या हवा-धुराच्या झडपांची) फट जुळवायची होती, पण पाठ धरलेली. म्हटलं, द्या इकडे पाना, मी करतो.

रॉकर कव्हर उचललं आणि नुसता बघतच उभा राहिलो. आठ रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) एका रांगेत. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच अंगाला, डिस्ट्रिब्युटर पलीकडच्या अंगाला. ही मांडणी मी लहानपणी शंभर वेळा पाहिली आहे, साताऱ्यात, आमच्या अंगणात, बाबांच्या अँबॅसिडर टॅक्सीच्या बॉनेटखाली. बॅटरी दाखवायचं काम माझं असायचं, आणि उजेड हलला की टपली मिळायची.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन इंजिनावर धरला, गाडी दाखवलीच नाही. बाबा म्हणाले, "कुणाची अँबी खोललीस रे तिकडे?"

मग मी खणत बसलो. हे इंजिन म्हणजे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीची 'बी सीरीज'. सुरुवात १९४७ च्या ऑस्टिन ए-४० पासून, तेव्हा ते १२०० सीसीचं होतं. पुढे बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून १४८९ सीसी केलं. तेच मॉरिस ऑक्सफर्डला लागलं, तेच १९५५ मध्ये एमजीएला लागलं. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्याला अँबॅसिडर म्हणून काढली. पहिल्या अँबॅसिडरला जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, १९५९ पासून हे १४८९ आलं. म्हणजे कलेक्टरची गाडी, आमची सातारा-पुणे टॅक्सी आणि आजोबांची लाल एमजीए या एकाच आईच्या लेकी.

आणि आता मुद्द्याचं. या घराण्यातली काही इंजिनं फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली आहेत. इथल्या रेसिंगवाल्यांनी आणि वर्कशॉपवाल्यांनी भर घालावी, म्हणून हा धागा. मला स्वतःला दोन गोष्टी कळलेल्या नाहीत: या साध्यासुध्या इंजिनातून ताकद काढली कशी, आणि मग आमची अँबी खंबाटकी घाटात मान का टाकायची?

---

सुमड्या

वाचनखूण साठवली. आमच्याकडची अँबी १९९६ पर्यंत होती. तिला ल माँ सोडा, लोणावळा जमत नव्हतं.

---

खवट

लेख छान, पण आधी एक खडा काढतो. 'व्हिंटेज' म्हणाल तर एमजीए बसत नाही (धाग्याला तुम्ही व्हिंटेजचा टॅग लावलाय म्हणून बोलतोय). इंग्लंडात व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ मध्ये निघाला, त्यांच्या हिशोबात १९३० च्या अखेरपर्यंतच्याच गाड्या व्हिंटेज. म्हणजे १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं ल माँ जिंकणाऱ्या बेंटली. त्यापुढच्या व्हिंटेज नाहीत. आपल्याकडे धूळ बसली की व्हिंटेज.

---

कळकट पाना

खवटराव, टॅग काढला. बेंटलीवर वेगळा धागा तुम्हीच काढा, पहिला प्रतिसाद माझा.

---

निवृत्त फोरमन

पाना, तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा सोपा आहे, पण पहिल्यापासून सुरू करतो. वेळ आहे, चहा झालाय.

या इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची खालीवर धाव) ८९. म्हणजे अरुंद आणि लांब. तुम्हाला वाटेल इंजिनिअरची आवड. नाही हो, हा सगळा करवसुलीचा प्रताप. १९२१ पासून ब्रिटनमध्ये गाडीवरचा कर 'आरएसी हॉर्सपॉवर'वर बसायचा, एका हॉर्सपॉवरला वर्षाला एक पौंड. ही हॉर्सपॉवर काढायची कशी? बोअर इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा, अडीचने भागा. झालं. स्ट्रोकचा हिशोबात पत्ताच नाही! मग कारखानदारांनी काय केलं असेल? सिलिंडर बारीक ठेवले आणि स्ट्रोक लांबवला. सीसी वाढले, कर वाढला नाही. बेंटलीचं तीन लिटरचं इंजिन तर ८० बोअर आणि १४९ स्ट्रोक, विहिरीसारखं. (खवटराव, घ्या तुमची व्हिंटेज.) युद्धानंतर तो कर गेला, पण हात वळलेला तो वळलेलाच. बी सीरीज त्याच वळणाची.

लांब स्ट्रोकचा फायदा म्हणजे कमी आरपीएमला ओढ चांगली. तोटा म्हणजे वर फिरवायला गेलात की पिस्टनची धाव फार होते, आणि बारीक बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसत नाहीत, त्यामुळे इंजिनाला दम लागतो.

दम लागण्याचं दुसरं कारण हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, आहे. पुढच्या वेळी मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या नळ्या) काढाल तेव्हा भोकं मोजा. चार सिलिंडर, पण आत घेणारी भोकं दोनच. एक आणि दोन नंबरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून एक. बाहेर टाकणारी तीन, मधल्या दोघांचं सामाईक. याचं कारण, पुशरॉड, म्हणजे रॉकरना खालून ढकलणारे दांडे, त्याच अंगाने वर येतात. भिंतीत जागाच नाही. आता फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) बघा: १-३-४-२. तीननंतर लगेच चार, दोननंतर लगेच एक. म्हणजे दोघं भाऊ एका ताटात, एकाचा घास संपायच्या आत दुसरा हात घालतो, आणि मग दोघंही बराच वेळ गप्प. मिश्रण सगळ्यांना सारखं मिळणं अवघड. चाळीतल्या सामाईक नळाचं गणित ज्याने पाहिलंय त्याला समजावून सांगायला नको.

असं असूनही ताकद निघाली, कारण हेडमधली ज्वलनाची जागा हॅरी वेस्लेक या माणसाने आखली होती. वरून पाहिली तर बदामाच्या आकाराची. आत येणारी हवा कशी वळते यात त्याचा हातखंडा. जग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागेही तोच.

आता तुमची खंबाटकी. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर, ८.३ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा), ताकद सुरुवातीला ६८ हॉर्सपॉवर आणि वजन साधारण नऊशे किलो. अँबॅसिडरला एक कार्बोरेटर, आपल्या तेव्हाच्या पेट्रोलला झेपेल असं कमी कॉम्प्रेशन, ताकद पन्नाशीच्या आसपास, वजन अकराशेच्या पुढे. वर सात माणसं, एक ट्रंक आणि टपावर सायकल. तिने मान टाकली नसती तरच नवल.

---

मृण्मयी_ग

मला गाड्यांतलं काही कळत नाही, तरी फोरमनकाकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. नळाच्या उदाहरणाने डोक्यात प्रकाश पडला. एक बावळट प्रश्न: एवढी अडचण होती तर चार वेगळी भोकं का नाही केली?

---

निवृत्त फोरमन

बावळट अजिबात नाही, बाई. पैसे. हे इंजिन मुळात सेडान, टॅक्सी आणि डिलिव्हरी व्हॅनसाठी होतं. साधं ओतकाम, कमी मशीनिंग, आणि कुठल्याही गावच्या मिस्त्रीला खोलता यावं. शर्यतीसाठी वेगळं इंजिन करायला एमजीच्या हातात काही नव्हतं. मालकाच्या, म्हणजे बीएमसीच्या, फडताळात जे होतं ते घ्यायचं आणि त्यातून स्वयंपाक करायचा. स्पोर्ट्स कारचं ब्रिटिश तंत्र बहुतांशी हेच: इंजिन सेडानचं, गिअरबॉक्स सेडानचा, मागचा अ‍ॅक्सल सेडानचा, आणि अक्कल चेसिसमध्ये (सांगाड्यात).

---

दुसऱ्या आळीतला

माझा विषय निघाला! जरा लांबेल.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं विल्यम मॉरिस यांचं दुकान. तिथला मॅनेजर सेसिल किंबर मॉरिसच्या गाड्यांवर वेगळ्या बॉडी चढवून विकायला लागला, आणि त्यातून हा ब्रँड झाला. कारखाना ॲबिंग्डनला. १९३३ मध्ये त्यांच्या के-३ या अकराशे सीसीच्या सुपरचार्जरवाल्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या) गाडीने इटलीतल्या मिले मिलियात आपला वर्ग जिंकला, आणि त्याच वर्षी खुद्द इटालियन रेसर नुवोलारीने ती चालवून आयर्लंडमधली टीटी शर्यत जिंकली. आणि मग १९३५ मध्ये वरून हुकूम आला: शर्यती बंद. वीस वर्षं कंपनी अधिकृतपणे उतरलीच नाही.

१९५१ मध्ये जॉर्ज फिलिप्स नावाच्या गड्यासाठी एमजीने टीडी मॉडेलवर एक गोलसर बॉडी चढवून ल माँला पाठवली. गाडी दिसायला गुळगुळीत, पण चेसिस जुनीच, त्यामुळे ड्रायव्हर चेसिसच्या वर बसलेला. छातीपासून वरचा सगळा माणूस वाऱ्यात! ॲबिंग्डनचा सिड एनेव्हर म्हणाला, हे नाही चालायचं. त्याने चेसिसचे दोन्ही लांब गर्डर बाहेरच्या अंगाला सरकवले आणि माणसाला त्यांच्या मधोमध, खाली बसवलं. एमजीएचा जन्म तो. नमुना तयार झाला १९५२ मध्ये, पण बीएमसीच्या लेनर्ड लॉर्डनी नुकतीच डोनल्ड हीलीच्या गाडीला हमी दिली होती, म्हणून एमजीची फाइल बाजूला. दोन वर्षं ती धूळ खात पडली. साहेब बदलला नाही, पण बाजार बदलला, तेव्हा मंजुरी मिळाली.

१९५५ च्या जूनमध्ये तीन गाड्या ल माँला गेल्या. गाडी अजून बाजारात यायची होती, म्हणून ईएक्स-१८२ या नावाने प्रोटोटाइपच्या वर्गात. ॲल्युमिनियमची बॉडी, आत तुमचं १४८९ सीसीचं इंजिन, जरा तयार केलेलं. ११ जूनची संध्याकाळ मोटर रेसिंगच्या इतिहासात सगळ्यात काळी. हॉथॉर्नची जग्वार पिटसाठी (पेट्रोल-टायरच्या थांब्यासाठी) हळू झाली, मागची ऑस्टिन-हीली बाजूला वळली, तिच्यावर लेव्हेगची मर्सिडीज चढून गर्दीत गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर थोड्याच वेळात एमजीचा डिक जेकब्सही मेझाँ ब्लाँशच्या वळणावर उलटला. वाचला, पण पुन्हा शर्यतीत उतरला नाही. उरलेल्या दोन एमजी मात्र चोवीस तास चालत राहिल्या. एक बारावी आली, सरासरी ताशी ८६ मैल, म्हणजे जवळपास १३९ किलोमीटर. चालक केन माइल्स आणि जॉनी लॉकेट. हो, तोच केन माइल्स, जो पुढे फोर्ड जीटी-४० साठी गाजला. दुसरी सतरावी.

चोवीस तास १३९ ची सरासरी, पिट धरून, टॅक्सीच्या इंजिनावर. सुमड्या, लोणावळ्याचं काय म्हणत होतास?

पण माझा आवडता किस्सा पुढचा आहे. १९५७ साल, अमेरिकेत युटामधलं बॉनव्हिलचं मिठाचं वाळवंट. एमजीने ईएक्स-१८१ नावाची एक गाडी नेली, पाण्याच्या थेंबासारखी, उंची तीन फुटांहून जेमतेम जास्त. माणूस पुढे आडवा निजलेला, इंजिन त्याच्या मागे. इंजिन १४८९ सीसी, पण वर दोन कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं) हेड आणि सुपरचार्जर. ७३०० आरपीएमला २९० हॉर्सपॉवर. २३ ऑगस्टला स्टर्लिंग मॉसने ती ताशी २४५.६४ मैलांनी पळवली. किलोमीटरमध्ये ३९५. दोन वर्षांनी फिल हिलने इंजिन १५०६ सीसीचं करून ती २५४ च्या वर नेली.

---

निवृत्त फोरमन

आळीकर, तुम्ही आकडा दिलात म्हणून कागद घेतला. ८९ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि ७३०० आरपीएम म्हणजे पिस्टनची सरासरी धाव सेकंदाला साडेएकवीस मीटर. सेकंदाला २४३ वेळा थांबून उलटं फिरायचं. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून पोटात खड्डा पडतो.

आणि ते दोन कॅमचं हेड गिऱ्हाइकालाही मिळालं, त्याची कहाणी ऐका. १९५८ ची एमजीए ट्विन कॅम. १५८८ सीसी, १०८ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक. कागदावर स्वप्न. रस्त्यावर मात्र पिस्टनला भोकं पडायला लागली. कॉम्प्रेशन ९.९, त्याला उत्तम ऑक्टेनचं पेट्रोल हवं आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) अगदी काट्यावर. गल्लीतल्या गॅरेजमध्ये नेहमीच्या सवयीने टायमिंग जरा पुढे घेतलं की संपलं. कंपनीने कॉम्प्रेशन ८.३ वर आणलं, तोवर नाव खराब झालं होतं. दोन वर्षांत २१११ गाड्या काढून दुकान बंद.

खरी गंमत पुढे. गाडी बंद झाल्यावर पुष्कळ वर्षांनी हौशी मंडळींना उमगलं की एका ठरावीक आरपीएमला इंजिनाच्या थरथरीने कार्बोरेटरमधल्या पेट्रोलला फेस येतो. फेस म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. मिश्रण पातळ, पिस्टन लाल, भोक. उपाय काय? कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये रबर. एवढंच! माझ्या नोकरीत असे दोन-तीन दोष पाहिलेत, जे सगळ्यांनी पेट्रोलवर आणि मिस्त्रीवर ढकलले आणि शेवटी चार आण्यांच्या वॉशरमध्ये निघाले.

---

दुसऱ्या आळीतला

+१. तरी त्याच ट्विन कॅमने १९६० मध्ये ल माँला दोन लिटरचा वर्ग जिंकला. टेड लंड आणि कॉलिन एस्कॉट. आदल्या वर्षी लंडची हीच गाडी चांगली चालली होती, आणि ट्रॅकवर कुत्रा आडवा आला. गाडी बाद.

आणि एमजीएच्या पाठच्या एमजीबीचं राहिलंच. १९६३ मध्ये नाक लांब केलेली एमजीबी ल माँला गेली, १७९८ सीसी, म्हणजे बी सीरीजच पण आणखी फुगवलेली. पहिल्याच चालकाने, ॲलन हचिसनने, सुरुवातीलाच मल्सानच्या कोपऱ्यावर ती वाळूत रुतवली. नियम असा की बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, चालकाने स्वतःच काढायची. पठ्ठ्या जवळजवळ दीड तास फावड्याने वाळू उपसत बसला. मग त्याने आणि पॅडी हॉपकर्कने उरलेले साडेबावीस तास काढले आणि तरीही बारावे आले, दोन लिटरचा वर्ग जिंकून.

---

सुमड्या

दीड तास फावडं! हा खरा अँबीचा वंशज. आमचीही गाळात रुतायची.

---

खवट

एमजीबीवर एवढे खूश आहात तर तिच्या शेवटाबद्दलही बोला. १९७४ नंतर अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर लावले, गाडी उंच केली, इंजिनाला प्रदूषणाच्या नळ्या जोडून ताकद काढून घेतली. तरी तेच पुशरॉड, तीच सामाईक भोकं. पाच लाखांच्या वर विकली म्हणून कौतुक करायचं की अठरा वर्षांत नवीन गाडी काढली नाही म्हणून रडायचं? १९८० च्या ऑक्टोबरमध्ये ॲबिंग्डनला कुलूप. जुनं चालतंय ना, मग चालू दे, ही वृत्ती उत्तरपाड्याचीच मक्तेदारी होती असं समजू नका.

---

निवृत्त फोरमन

खवटराव, पटलं. फक्त एक जोडतो. १९६४ च्या अखेरीस एमजीबीच्या क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला) तीनच्या जागी पाच बेअरिंग दिली. ती सुधारणा खरी होती. तीन बेअरिंगचा क्रँक वरच्या आरपीएमला काय आवाज करतो ते ज्याने ऐकलंय तोच जाणे.

---

मृण्मयी_ग

पण पानादादा, टॅपेटचं काय झालं? बाबा कॉलवरच आहेत अजून :-)

---

कळकट पाना

सांगतो, सांगतो.

मी फिलर गेज (फट मोजायची पत्ती) शोधत होतो, तर बाबा म्हणाले, "नऊचा हिशोब आठवतोय का?" आठवत नव्हता. "एक नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की आठ नंबर सेट कर. दोन दाबला की सात. तीन दाबला की सहा. बेरीज नऊ आली पाहिजे, बाकी कुठली खूण बघायची नाही." आजोबांना हे इंग्रजीत सांगितलं, तर ते म्हणाले, हो, आम्हीही असंच करतो. दोघांनी एकमेकांना फोनवरून मान डोलावली. आजोबांना मराठी येत नाही आणि बाबांना त्यांचा इंग्रजी उच्चार कळत नाही, पण आकड्यांवर दोघांचं जमलं.

मतभेद एकच. बाबा म्हणतात पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. आजोबांच्या पुस्तकात १५०० च्या एमजीएला सतरा थाऊ, तेही इंजिन गरम असताना. बाबा म्हणाले, "पुस्तक त्यांचं, गाडी त्यांची, सतरा ठेव." पण आवाजात नाराजी होती.

इंजिन गरम केलं. मी क्रँक फिरवत होतो, आजोबा स्टुलावर बसून मोठ्याने मोजत होते. एक, आठ. दोन, सात. फिलर थोडा अडकत, थोडा सरकत जायला हवा, बटर लावलेल्या सुरीसारखा. लॉकनट आवळताना स्क्रू जरासा फिरतो आणि सगळं बिघडतं, त्यामुळे प्रत्येक दोनदा. तासाभराने कव्हर बसवलं, इंजिन सुरू केलं, छान घुमलं. आजोबा खूश. मी आवाज रेकॉर्ड करून बाबांना पाठवला.

दहा मिनिटांनी उत्तर आलं: "शेवटून पहिला बोलतोय."

फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून कसं कळेल, म्हणून मी हसलो. तरी कव्हर परत उघडलं. आठ नंबर, एकोणीस थाऊ. सगळ्यात पहिला केलेला तोच, लॉकनट आवळताना स्क्रू फिरलेला.